स्क्रीन बदलायची की वायर?

पत्र, थोडक्यात : सोलापुरात विजापूर रोडला राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर मोटरसायकलनेच. गाडी ३५० सीसी, २०२२ची. अडीच वर्षांपूर्वी हँडलवर ५ इंची स्मार्ट स्क्रीन बसवून घेतली. फोनचा नकाशा, गाणी, कॉल सगळं त्यावर दिसतं. आता चार तक्रारी आहेत. दुपारी उन्हात काही दिसत नाही, मधूनच बंद होऊन पुन्हा चालू होते, फोनचं कनेक्शन तुटतं आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. दुकानदार म्हणतो, जुनी भंगार झाली, ७ इंची घ्या: पुढे-मागे कॅमेरा, टायरच्या हवेचे सेन्सर, मागून येणाऱ्या गाडीची सूचना देणारा रडार, फिटिंगसह २१,५००, जुनीचे २,५०० वजा. डिसेंबरात मित्रांबरोबर हंपीला जायचंय. घरातून सल्ला आलाय, ‘आहे ती आधी नीट चालवा.’ काय करावं?

उत्तर :

नमस्कार. घरातून आलेला सल्ला तुम्ही पत्राच्या शेवटी टाकला आहे. तो आपण वर घेऊ.

तुमच्या चार तक्रारींपैकी स्क्रीन बदलून सुटण्यासारखी एकच आहे, उन्हाची. तीही अर्धीमुर्धी. बंद-चालू होणं, फोन तुटणं आणि बॅटरी उतरणं या तीन गोष्टी स्क्रीनमध्ये असतील असं तुम्ही आणि दुकानदार दोघांनी गृहीत धरलंय. त्या बहुतेक वेळा वायरिंगमध्ये आणि खिशातल्या फोनमध्ये असतात. नवी स्क्रीन त्याच वायरीला जोडली की महिन्याभरात तीच रड पुन्हा सुरू.

बंद-चालू होण्यापासून सुरुवात करू. ती ‘मधूनच’ बंद होते असं तुम्ही लिहिता. ‘मधूनच’ म्हणजे नेमकं केव्हा? एक छोटी वही टाकीवरच्या बॅगेत ठेवा आणि पंधरा दिवस प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपा: किती वाजले, कुठे आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होतात. अर्धं निदान या वहीतच होतं.

सेल्फ मारताना बंद पडत असेल तर तो दोष नाही. सेल्फची मोटर क्षणभर इतका करंट ओढते की बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि स्क्रीन दम तोडते. आधी गाडी चालू करा, मग स्क्रीन. हॉर्न वाजवला किंवा ब्रेक दाबला की बंद होत असेल, तर फिटरने तुमच्या स्क्रीनची वायर हॉर्नच्या किंवा ब्रेक लाइटच्या वायरीला टोचून घेतलेली आहे. एक हॉर्न तीन-चार अँपिअर ओढतो, कुणी जोड हॉर्न लावला असेल तर दुप्पट. सात रस्ता चौकाच्या गर्दीत तुम्ही हॉर्न वाजवायचा आणि स्क्रीनने उपाशी राहायचं, असा तो प्रकार. स्पीडब्रेकरवर किंवा हँडल पूर्ण वळवल्यावर बंद होत असेल तर हँडलच्या मुळाशी वायर घासली किंवा तुटत आली आहे. गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर होत असेल तर स्क्रीनच्या वायरीच्या प्लगमध्ये पाणी गेलंय. उघडून पाहा, पिनेवर हिरवट थर दिसेल. आणि फक्त दुपारी, अर्धा-पाऊण तास चालवल्यावरच होत असेल, संध्याकाळी कधीच नाही, तर ती उष्णता. या शेवटच्या प्रकारातच स्क्रीनवर शंका घ्यायची.

आता मीटर. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे व्होल्ट-अँपिअर मोजणारा मल्टिमीटर असतोच, पण चारपाचशे रुपयांत साधा मिळतो आणि घरी असलेला बरा. गाडी चालू करा, रेस थोडी वाढवा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग स्क्रीन चालू ठेवून तिच्या प्लगपाशी मोजा. स्क्रीन जोडलेलीच हवी; लोड नसताना मीटर गोड बोलतं. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टपर्यंत फरक असेल तर ठीक. बॅटरीवर १४.१ आणि प्लगवर १२.६ दिसले तर दीड व्होल्ट वाटेतच जिरतंय, आणि बहुतेक वेळा अर्थिंगच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला. फिटर काळी वायर हँडलच्याच एखाद्या बोल्टला कसतात. हँडल अनेकदा रबरावर बसवलेलं असतं, बोल्टवर रंग असतो, हँडलपासून चासीपर्यंतची वाट स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जाते. तिथून चांगलं अर्थिंग मिळणार कसं?

दुरुस्ती अशी करून घ्या. बॅटरीच्या प्लसपासून १ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज. (फ्यूज स्क्रीनजवळ लावून उपयोग नाही. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो आणि चासीला घासून शॉर्ट झाला तर तिथेच जळतो.) फ्यूजमधून वायर रिलेच्या (छोट्या इशाऱ्यावर मोठी लाइन जोडणारा स्विच) ३० नंबरच्या पिनेला; ८७ नंबरवरून स्क्रीनला; ८६ला चावी फिरवल्यावरच चालू होणारी एखादी वायर, पार्किंग लाइटची चालेल; ८५ अर्थिंगला. स्क्रीनची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला. म्हणजे चावीची वायर फक्त रिलेला इशारा देते, स्क्रीनचं पोट बॅटरीतून भरतं, आणि हॉर्न कितीही वाजवा, काही हलत नाही.

जोड कसे केलेत तेही बघा. मूळ वायर न कापता तिला चिमटा मारून टोचणारे प्लॅस्टिकचे निळे-लाल क्लिप असतात.  गाडीच्या थरथरीत सैल होतात आणि आतली तांब्याची तार अर्धी कापतात. नुसता पीळ देऊन गुंडाळलेली काळी टेप तर सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत चिकट गोळा होते. वायरीच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून वर गरम करून आवळणारी स्लीव्ह, हा जोड टिकतो. हँडलच्या मुळाशी वायर थोडी ढिली सोडून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. कुठे ताण किंवा चिमटा नको. प्लगच्या अलीकडे वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून प्लगमध्ये न जाता झोळातून ठिबकतं. सामान आणि मजुरी धरून हे सगळं हजार-बाराशेच्या आत-बाहेर बसायला हवं.

गाडी अजून वॉरंटीत असलेल्या वाचकांनी मूळ वायरिंग कापू देऊ नये. त्या कारणावरून पुढे वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

बॅटरी उतरण्याची भानगड यातच दडलेली आहे. अशा बहुतेक स्क्रीनना तीन वायरी असतात: लाल चावीवर, काळी अर्थिंगला आणि पिवळी कायम बॅटरीवर. पिवळीमुळे गाडी बंद असतानाही स्क्रीन थोडं-थोडं खात राहते. किती, ते मोजता येतं. चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा, मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खोबणीत घाला आणि मीटर मायनसचं टोक आणि सुटी वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर असं जोडलेलं असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फला तर हातच लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. समजा २५ मिलिअँपिअर दिसले. दिवसाला २४ तास धरले तर ०.६ अँपिअर-अवर, आठ दिवसांत जवळजवळ पाच. तुमच्या गाडीच्या बॅटरीवर क्षमता छापलेली असते. ८ अँपिअर-अवरची असेल तर आठ दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी स्क्रीनने बसल्या जागी संपवली. सेल्फ काय मारणार! गाडी उभी असतानाचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तुम्ही वापरत नसाल आणि स्क्रीनच्या पुस्तिकेत मनाई नसेल, तर पिवळी आणि लाल दोन्ही रिलेच्या ८७ नंबरवर घ्या. मग तोच आकडा पुन्हा मोजा. गाडीचं स्वतःचं घड्याळ वगैरे मिळून चार-दोन मिलिअँपिअर राहतील, ते चालतात.

दुकानदाराची ७ इंची दोन कॅमेऱ्यांसह येते आणि उभ्या गाडीचं रेकॉर्डिंग ही तिची जाहिरात असते. ते चालू ठेवलं तर ही चौथी तक्रार वाढेल.

फोन तुटण्याचं सांगतो. वायरलेस जोडणीत ओळख ब्लूटूथवर होते आणि चित्र ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जातं. ही लहर माणसाच्या अंगाला अडते. फोन पँटच्या मागच्या खिशात असेल तर तो आणि स्क्रीन यांच्यामध्ये तुम्ही स्वतः उभे आहात. जॅकेटच्या पुढच्या खिशात ठेवून बघा. फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग स्क्रीनला जोडणाऱ्या ॲपपुरती बंद करा. दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. फोनचा नकाशा, गाणी स्क्रीनवर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो वायरलेस चालायला फोनमध्ये अँड्रॉइड ११ किंवा पुढचं लागतं, जुन्या फोनवाल्यांनी तेही बघावं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा: दोन दिवस घरातला दुसरा फोन जोडून कामावर जा. तो तुटला नाही तर तुमच्या स्क्रीनचा काही गुन्हा नाही.

उष्णतेचा भाग इथेही आहे. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंश हवेत वापरण्यासाठी आहे असं सांगतं. आपल्याकडे मार्चमध्येच ३५ मागे पडतात आणि एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो. बंद खिशात जीपीएस, वायफाय आणि मोबाइल डेटा एकदम चालवणारा फोन तापून हात टेकतोच. अँड्रॉइडचंही वेगळं नाही.

राहिली उन्हाची तक्रार, आणि हीच खरी स्क्रीनची आहे. उजेड ‘निट’मध्ये मोजतात. जुन्या ५ इंची स्क्रीन पाचशे-सहाशेच्या असायच्या. भर दुपारी हजाराच्या पुढचीच नीट वाचता येते. तरी खर्चाआधी चार गोष्टी करून पाहा. नकाशा कायम काळ्या रंगावर ठेवला असेल तर दिवसा पांढरा करा. काळी काच उन्हात आरसा होते. दुसरं, स्क्रीनमध्ये काय दिसतंय ते पाहा. आकाश दिसत असेल तर तिचा कल बदला, तुमची छाती दिसेपर्यंत. मग शर्टाचा रंगही मोजला जातो: पांढरा शर्ट काचेत उजळतो, गडद जॅकेट असेल तर नकाशा उठून दिसतो. तिसरं, गॉगल. पोलराइज्ड काच असेल तर कितीही उजळ स्क्रीन अंधारी दिसू शकते. डोकं डावी-उजवीकडे कलतं करून बघा. उजेड कमी-जास्त झाला तर दोषी नाकावर बसलाय. चौथं, काळ्या रबर शीटचा तीन-चार सेंटिमीटरचा छज्जा वर चिकटवा.

स्क्रीन फार तापली की स्वतःला वाचवायला ती उजेड कमी करते. म्हणजे ज्या वेळी जास्त उजेड हवा त्याच वेळी कमी मिळतो. मोठी आणि उजळ स्क्रीन स्वतःही जास्त तापते, त्यामुळे २१ हजारांची घेतली तरी कारखान्याच्या आवारात आठ तास उन्हात उभी राहिलेली गाडी दुपारी काढल्यावर पहिली दहा मिनिटं मंदच दिसेल. गाडी लावली की स्क्रीनवर जाड पांढरा टॉवेल टाकून ठेवा. टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला हे सांगावं लागतंय, पण सांगतो.

आता ७ इंचीचा मोह. दुकानात जाऊन बाहेरच्या चौकटीचं माप घ्या, साधारण १८ बाय ११ सेंटिमीटर भरेल. तेवढा पुठ्ठा कापा, रबरबँडने सध्याच्या जागी बांधा आणि उभ्या गाडीवर हेल्मेट घालून बसा. स्पीडचा काटा दिसतो का? न्यूट्रलचा हिरवा, एबीएसचा पिवळा, इंडिकेटरचा दिवा? चावी फिरवायला बोटं जातात का? हँडल पूर्ण वळवल्यावर पुठ्ठा टाकीला किंवा आरशाच्या दांड्याला लागतो का? बऱ्याच ३५० गाड्यांवर यातली एखादी तरी गोष्ट झाकली जाते. मोठं दिसतं म्हणून नजर कमी वेळ खाली जाईल, असं वाटतं खरं. पण मोठ्या पडद्यावर बघण्यासारखं जास्त असतं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. गाण्याचं नाव वाचायला दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर, हायवेवरच्या मोठ्या ट्रकच्या लांबीपेक्षा जास्त.

मागचा-पुढचा कॅमेरा मला पटतो. अपघातानंतर कुणाची चूक यावर वाद होतो तेव्हा तो बोलतो. रात्री समोरच्याची नंबरप्लेट वाचता येईल अशी आशा मात्र नको, दिव्याच्या झोतात ती पांढरी पडते. दोन कॅमेरे मिळून तासाला साधारण दहा-अकरा जीबी लिहितात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सहा तासांच्या आतच जुनं पुसून नवं चालू. कार्ड साधं घेतलं तर लवकर मरतं आणि मेलेलं कार्ड स्क्रीनलाही अडकवून बंद-चालू करायला लावतं. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. कॅमेरा स्वतंत्रही मिळतो, त्यासाठी स्क्रीन बदलायची गरज नाही.

हवेचे सेन्सरही उपयोगाचे, पण ते वॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसतात. साध्या रबरी वॉल्व्हवर ते जड होतात. चाक फिरताना वॉल्व्ह वाकत राहतो आणि बुडाशी चिरतो. आधी धातूचा वॉल्व्ह बसवा. तारांची चाकं आणि ट्यूब असेल तर या भानगडीत न पडता चांगला प्रेशर गेज घ्या आणि दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना मोजा. रडार सोडून द्या. आपल्या रस्त्यांवर मागून, बाजूनं, कधी समोरूनही कुणी ना कुणी असतंच. तो दिवसभर पिपाणी वाजवेल आणि आठवड्यात तुम्ही आवाज बंद कराल.

एक अवघड प्रश्न विचारतो. नकाशा तुम्हाला लागतो कुठे? विजापूर रोड ते एमआयडीसी तुम्ही डोळे मिटून जाल. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तोंडपाठ. उरली हंपी. तो रस्ता विजापूर, इलकल, कुष्टगी, होस्पेट असा चार नावांचा आहे; टाकीवर चिकटपट्टीवर लिहिलीत तरी पोहोचाल. तिथला नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा आणि हेल्मेटमध्ये ब्लूटूथ लावून वळणं ऐका. कानाने ऐकलेलं वळण नजर रस्त्यावरच ठेवतं, आणि त्याला उन्हाचाही प्रश्न नाही. फक्त फोन हँडलवर नुसता अडकवू नका. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते असं ॲपलनेच २०२१मध्ये जाहीर केलंय. थरथर शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशातच बरा.

कायद्याचं एवढंच: गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यापुरतं आणि लक्ष विचलित होणार नाही असं वापरावं, हा नियम ऑक्टोबर २०२०पासून आहे. व्हिडिओ त्यात बसत नाही. आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीनची बिलासह नोंद करा. न नोंदवलेल्या सामानाची भरपाई मागताना अडचण येते.

कंपनीच्याच, स्पीड दाखवणाऱ्या रंगीत मीटरच्या जागी नव्या मॉडेलचा मीटर बसवायचा विचार करणाऱ्यांनाही दोन शब्द. तो इंजिनाच्या कंट्रोल युनिटशी, एबीएसशी, काही गाड्यांत चावीशीही बांधलेला असतो, आणि त्यात किलोमीटरची नोंद असते. बाहेर बदलला तर पुढे गाडी विकताना आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, जुना-नवा आकडा बिलावर लिहून घेऊनच.

तर तुमच्यापुरतं: आत्ता घेऊ नका. या आठवड्यात वायरिंग दुरुस्त करा, दुसरा फोन लावून बघा, पुढचे पंधरा दिवस वही लिहा. वहीत फक्त ‘दुपारी दिसत नाही’ एवढंच उरलं आणि ते खरंच खुपत असेल, तर ५-६ इंची, हजार निटच्या पुढची, चटकन काढता येणाऱ्या होल्डरची स्क्रीन घ्या, म्हणजे स्टेशनजवळ गाडी लावताना ती काढून खिशात टाकता येईल. वहीत ‘दुपारी तापून बंद’ हेच पुन्हा-पुन्हा आलं, काचेच्या आत वाफ दिसली किंवा टचचा एखादा पट्टा मेलेला सापडला, तर जुनी संपली असं खुशाल समजा.

घ्यायला जाल तेव्हा दुपारी साडेबाराला जा आणि स्क्रीन दुकानाबाहेर, उन्हाकडे तोंड करून चालू करायला लावा. ‘वॉटरप्रूफ आहे’ या शब्दावर थांबू नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून चालेल. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही, आणि प्लगची तर बहुधा कशाचीच नाही. मग विचारा, ‘वायर कुठनं घेणार?’ फिटर ‘हॉर्नवरनं घेऊ की’ म्हणाला, तर पैसे खिशातून काढायच्या आधीच गाडी वळवा. जुनी २,५०० ला देऊ नका. ती नीट चालू लागली तर कुणा मित्राला त्याहून जास्तीला जाईल.

हंपीला निघताना ३ अँपिअरचे दोन जादा फ्यूज सीटखाली टेपने चिकटवून ठेवा, आणि रिले कुठे बसवलाय त्याचा एक फोटो फोनमध्ये.